दोन सूत

कोलशेतला रस्त्याकडेच्या शेडवर पाटी होती :
वामन तरे, डेंटिंग-पेंटिंग.
'डें'वरचा अनुस्वार नंतर सुचलेला,
कुणाच्या तरी फियाटच्या उरलेल्या निळ्याने दिलेला.

अण्णा गाडी ओळखायचे पाठमोरे बसून.
मागे दार लागलं की म्हणायचे,
कॉन्टेसा. म्हणजे प्रधान डॉक्टर आले, चहा सांग.
फियाटचं दार दोनदा आपटावं लागे.
अँबेसेडर वळायच्या आधी जरा विचार करी.
मारुती डब्यासारखी वाजायची,
तिला ते 'पोरगी' म्हणत, ठोकताना हात हलका ठेवत.
पोक आलेला पत्रा एकदम सरळ होत नाही,
आतून ठोकळा, बाहेरून हातोडी,
रुसलेल्या पाहुण्याला पानावर बसवतात तसं
समजावत समजावत आणावं लागतं.

मी ऐरोलीत असतो, सातव्या मजल्यावर.
गाड्यांचे मागचे दिवे काढतो.
म्हणजे पूर्ण दिवा नाही,
डाव्या दिव्याचा बाहेरचा कोपरा.
उजवा मशीन आपोआप करतं.

एका रविवारी बाल्कनीतून सोसायटीचं पार्किंग बघत
अण्णा म्हणाले, "तुम्ही सगळे एकाच पोराच्या वहीतून उतरवता का रे?"
मी सांगत बसलो.
माणूस धडकला तर डोकं इंजिनावर आपटू नये
म्हणून बॉनेट उंच.
चार कंपन्यांच्या खाली सांगाडा एकच, वरून कपडे वेगळे.
पांढरा, कारण पांढरी विकताना भाव येतो,
आणि लोक गाडी घेतानाच ती विकायचा विचार करतात.
"आणि मुख्य म्हणजे वारा, अण्णा.
कमी पेट्रोलमध्ये त्याला कापत जायचं,
तर सगळ्यांचं उत्तर शेवटी तेच येतं.
वारा एकच आहे ना."

अण्णा नखातला जुना काळा रंग बघत राहिले.
पाच वर्षं झाली शेड जाऊन, तो रंग निघत नाही.
"येऊरचा वारा आणि खाडीचा वारा एकच?
खाडीचा पत्रा खातो.
येऊरचा नाही खात."

मग दिवाळीच्या आधी मॉलमध्ये गेलो,
तळघराचा तिसरा मजला, खांब बी की डी, आठवेना.
नंबर एकेचाळीस चौऱ्याहत्तर, की सत्तेचाळीस चौदा?
किल्लीचा सेल नेमका तेव्हाच गेला.
दिव्यांवरून ओळखायला गेलो
तर त्या एका रांगेत नऊ गाड्यांना माझाच कोपरा.
लाजही वाटली, थोडं बरंही वाटलं,
आणि एका पांढरीचं दार ओढून बघितलं
तर आतून एक बाई ओरडल्या.

मी माफी मागतोय तोवर
अण्णा रांगेतून निघाले होते,
मधलं बोट वाकवून
प्रत्येकीच्या डाव्या मागच्या दारावर
ठण. ठण. ठण.
वॉचमन बघत होता, त्याला वाटलं म्हातारा भ्रमला.
ठण. ठण.
ठप.

"ही तुझी."
"कशावरून?"
"पुट्टी आहे. कळव्याला रिक्षा घासली होती ना?
नव्यासारखी करून दिली म्हणाला होतास.
दोन सूत जाड भरलीय मेल्यांनी.
ठोकलाच नाही पत्रा. फसवलं तुला."

येताना घोडबंदरला सिग्नलवर थांबलो,
पुढे, मागे, बाजूला आम्हीच होतो.
अण्णा काच खाली करून
शेजारच्या गाडीचं दार ऐकल्यासारखे बसले होते.

सोमवारी मी तो कोपरा उघडला
आणि अर्धा सूत आत ढकलला,
कुणी विचारलं तर काय सांगायचं ते न ठरवता.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत
वाऱ्याच्या चाचणीतून परत आला,
लाल खूण करून, जिथल्या तिथे.